रजेचा दाखला की पहिली पायरी?
मुलांमधील तीव्र चिंता : कुटुंब, शाळा आणि डॉक्टर



आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी येणारा एक बालरुग्ण असतो. पोट दुखते, मळमळते, डोके जड झाले आहे, अशी त्याची तक्रार असते. पोट तपासले तर मऊ असते, ताप नसतो, जीभ स्वच्छ असते. आई कार्यालयात पोहोचायला उशीर होत असल्याने अस्वस्थ असते. आपण दोन औषधे लिहितो आणि निघताना आई संकोचाने म्हणते, "डॉक्टर, शाळेसाठी दोन दिवसांचा दाखला मिळेल का?" आपण तोही देतो. असे दाखले मीही अनेकदा लिहून दिले आहेत. त्यांतील काही दाखल्यांनी त्या मुलांचे नुकसान केले, हे समजायला मला बरीच वर्षे लागली. आजचा लेख त्यासाठीच लिहीत आहे.

एक उदाहरण घेऊ. ही कोणा एका मुलीची हकिकत नाही. ओळख पटू नये म्हणून अनेक मुलांच्या अनुभवांतून हे चित्र मी तयार केले आहे. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत शिकणारी. घरात आई, वडील आणि आजी. अभ्यासात चांगली, स्वभावाने शांत, "कधी त्रास दिला नाही हो हिने," असे जिच्याविषयी घरचे अभिमानाने सांगतात अशी. दिवाळीच्या सुटीनंतर सकाळी तिचे पोट दुखू लागले. जंताचे औषध झाले, आम्लपित्ताचे झाले. सोनोग्राफीत आतड्यांच्या आवरणातील काही लहान गाठी दिसल्या आणि घरात क्षयाची धास्ती शिरली. वास्तविक अशा लहान गाठी निरोगी मुलांतही वारंवार दिसतात. आजीने दृष्ट काढली, वडिलांनी रागावून पाहिले, आईने जवळ घेऊन समजूत घातली. आठवड्यातून एक दिवस चुकणारी शाळा पुढे तीन दिवस चुकू लागली आणि जानेवारीत पूर्णपणे बंद झाली. शाळा बंद होताच पोटदुखीही थांबली. तेव्हा घरातील कोणीतरी म्हणाले, "म्हणजे ही नाटकच करत होती!"

ते नाटक नव्हते. पोट खरोखरच दुखत होते. तिला झालेल्या आजाराचे नाव चिंताविकार, आणि तो पुरेपूर उपचारयोग्य आहे.

स्वाभाविक भीती आणि चिंताविकार

भीती हा रोग नाही. भीतीमुळेच माणूस आजवर टिकला. सातआठ महिन्यांचे बाळ अनोळखी चेहरा पाहून रडते, तीन-चार वर्षांचे मूल अंधाराला आणि कुत्र्याला भिते, शाळकरी मूल परीक्षेला किंवा आईवडिलांच्या आजारपणाला भिते आणि किशोरवयीन मूल मित्रमंडळींच्या हसण्याला भिते. या भीती वयाप्रमाणे येतात आणि वयाप्रमाणे ओसरतात.

विकार केव्हा म्हणावा? तीन प्रश्न विचारावेत. भीती त्या वयाच्या आणि प्रसंगाच्या मानाने फार मोठी आहे काय? ती आठवडे-महिने टिकून आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिच्यामुळे मुलाचे शाळा, खेळ, झोप, जेवण, मैत्री यांपैकी काही थांबले आहे काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर "मोठे झाल्यावर आपोआप जाईल" असे म्हणून वाट पाहणे योग्य नाही.

या विकाराची रूपे अनेक आहेत. आईवडिलांपासून दूर होताच जीव कासावीस होणे म्हणजे वियोगचिंता. चारचौघांत बोलण्याची, खाण्याची, चुकण्याची भीती म्हणजे सामाजिक चिंता. घरी अखंड बडबडणारे मूल शाळेत महिनोन्‌महिने एक शब्दही बोलत नाही, ती निवडक अबोलता. सर्वच गोष्टींची सतत काळजी करणे म्हणजे सर्वव्यापी चिंता. अचानक धडधड, घाम, गुदमरणे आणि "मी मरणार" असे वाटणे हा भयाचा झटका. शाळेला न जाणे हे मात्र स्वतंत्र निदान नव्हे. ते लक्षण आहे आणि त्यामागे यांपैकी काहीही असू शकते.

हा विकार दुर्मीळ नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या पाहणीत १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि त्यांत चिंतेशी संबंधित विकारांचा वाटा मोठा होता. यात आनुवंशिकतेचा भागही आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून तो साधारण ३० ते ५० टक्के मानला जातो. उरलेला भाग अनुभवांचा आणि भोवतालच्या माणसांचा असतो. आपल्याला तेथे काही करता येते.

भोपाळने शिकवलेला धडा

मनाच्या दुखण्यात सामान्य डॉक्टरांनी पडावे की नाही, हा प्रश्न भोपाळच्या डॉक्टरांना नवा नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. त्यानंतरचे आठवडे फुप्फुसे आणि डोळे यांच्या उपचारांत गेले. पण १९८५ च्या आरंभी लखनौच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारतज्ज्ञांच्या पथकाने प्राध्यापक बी. बी. सेठी यांच्या नेतृत्वाखाली वायुग्रस्त भागांतील दहा दवाखान्यांत येणारे ८५५ रुग्ण तपासले. त्यांपैकी १९३ जणांना, म्हणजे २२.६ टक्के रुग्णांना, मानसिक विकार असल्याचे दिसून आले. त्यांत सुमारे एक-चतुर्थांश चिंताविकाराचे होते. हे सर्व रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे गेलेले नव्हते. धाप, छातीतील धडधड, अशक्तपणा, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन ते साध्या दवाखान्याच्या रांगेत उभे होते.

शहरात मनोविकारतज्ज्ञ अत्यंत थोडे होते. तेव्हा बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतील डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुग्रस्त भागांत काम करणाऱ्या सुमारे ५० वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच सहा दिवसांचे प्रशिक्षण दिले. रुग्णाचे ऐकावे कसे, चिंता व नैराश्य ओळखावे कसे, धीर द्यावा कसा आणि औषध केव्हा द्यावे, हे त्यांना शिकवले गेले. पुढे त्यांच्यासाठी एक मार्गदर्शक पुस्तिकाही तयार झाली. आपत्तीनंतर सामान्य डॉक्टरांच्या हाती मानसिक आरोग्यसेवा सोपवण्याचा भारतातील हा आरंभीचा प्रयोग आपल्या शहरात झाला.

त्या अनुभवातून दोन गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते. पहिली अशी की, मनाचे दुखणे शरीराची भाषा बोलत प्रथम आपल्याकडेच येते. दुसरी अशी की, "हे शरीराचे की मनाचे" हा प्रश्नच पुष्कळदा चुकीचा असतो. ज्याची फुप्फुसे खरोखर जळाली होती त्यालाही धाप लागताच ती रात्र आठवत होती, आणि त्या आठवणीने धाप आणखी वाढत होती. एक खरे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. आपल्या सहावीतल्या मुलीचे पोटही असेच होते.

त्या रात्री जी बालके होती ती आज चाळिशी ओलांडलेले आईबाप आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपल्या मुलाबाबत जास्त सावध असेल, खोकला आला की दचकत असेल, तर त्याला हसू नये. ती सावधगिरी कोठून आली हे विचारावे. मोठ्यांच्या चेहऱ्यावरून जग सुरक्षित आहे की नाही हे मूल वाचत असते.

भीती का वाढत जाते?

मेंदूतील धोक्याची घंटा वाजली की शरीर पळण्याची किंवा झगडण्याची तयारी करते. हृदय वेगाने धावते, श्वास जलद होतो, पचनसंस्थेकडील रक्त स्नायूंकडे वळते. पोटात गोळा येणे, मळमळणे, वारंवार शौचाला लागणे ही या तयारीचीच अंगे आहेत. चिंताग्रस्त मुलात ही घंटा धोका नसतानाही वाजते.

आता चक्र पाहा. शाळेचा गणवेश दिसला की घंटा वाजते. मूल रडते, घरचे म्हणतात, "बरं, आज राहू दे." क्षणात हायसे वाटते. त्या सुटकेतून मेंदू दोन गोष्टी शिकतो. शाळा खरोखरच धोक्याची होती आणि आपण टाळली म्हणून वाचलो, ही पहिली. ही भीती मला पेलवली नसती, ही दुसरी. दुसऱ्या दिवशी घंटा अधिक मोठ्याने वाजते. टाळण्याने भीती तात्पुरती निवते आणि कायमची वाढते. डॉक्टरांनी दिलेला रजेचा दाखला हा या टाळाटाळीवरचा अधिकृत शिक्का असतो.

चक्र उलटे फिरवण्याचा मार्गही जुना आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या छोट्या मुलावरील उपचार नोंदवले. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा दूर ठेवला जाई आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणला जाई. शेवटी पीटर त्या सशाशी खेळू लागला. आजच्या संज्ञानात्मक वर्तनोपचाराचा गाभा हाच आहे. भीतीच्या गोष्टीजवळ टप्प्याटप्प्याने जायचे, तेथे थांबायचे आणि अनर्थ घडत नाही हे स्वतः अनुभवायचे.

मुलाची भीती नाहीशी करणे हे आपले काम नाही. भीती असतानाही पाऊल उचलता येते, हा अनुभव त्याला मिळवून देणे हे आपले काम आहे. या लेखातील बाकी सारे या एका वाक्याचा विस्तार आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी काय करावे?

प्रथम शरीर नीट तपासावे. ते टाळून "टेन्शन आहे" म्हणणे हा अन्याय आहे. वजन घटणे किंवा वाढ मंदावणे, शौचात रक्त, रेंगाळणारा ताप, हिरवट उलट्या, झोपेतून उठवणारी वेदना, बेंबीपासून दूर एका ठिकाणी होणारी वेदना, ही लक्षणे असतील तर शारीरिक कारणाचा कसून शोध घ्यावा. धडधड असेल तर रक्तक्षय, थायरॉइडचा अतिस्राव आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता पाहावी. दम्याचे औषध, सर्दीची काही औषधे, जास्त चहाकॉफी व बाजारातील उत्तेजक पेये यांनीही हात थरथरतात आणि छाती धडधडते. मात्र एकदा तपासणी झाली की "अजून एक सोनोग्राफी करू" या वाटेने जाऊ नये. प्रत्येक जादा तपासणीबरोबर घराची भीती वाढते.

दुसरे म्हणजे वेळापत्रक विचारावे. त्रास रविवारी होतो काय? सुटीत होतो काय? रविवारी संध्याकाळी सुरू होऊन सोमवारी दहा वाजता थांबतो काय?

तिसरी गोष्ट भाषेची. आपली मुले घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. "तुला चिंता वाटते का?" या पुस्तकी प्रश्नाला मूल नाही म्हणते. तेच मूल "घबराहट होती है?" म्हटले की मान डोलावते, आणि आजीच्या भाषेत "पोटात गोळा येतो का गं?" विचारले की डोळ्यांत पाणी आणते. मुलाचा शब्द कोणता तो शोधावा आणि पुढे तोच वापरावा. अधिक पद्धतशीर चाचपणीसाठी ८ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी 'स्केअर्ड' ही ४१ प्रश्नांची प्रश्नावली उपलब्ध आहे. ती मूल आणि पालक दोघांकडून भरून घेता येते.

चौथी गोष्ट, मुलाशी काही मिनिटे एकट्याने बोलावे. वर्गात कोणी छळते काय, शिक्षक मारतात काय, वाचता-लिहिताना अक्षरे अडखळतात काय, कोणी नकोसा स्पर्श करते काय, हे आईसमोर निघत नाही. न ओळखलेली अध्ययन-अक्षमता हे शाळेच्या भीतीमागील वारंवार आढळणारे कारण आहे. जेथे धोका खरा असतो तेथे मुलाला धीट करण्याआधी धोका दूर करावा लागतो. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. बालकांसाठी १०९८ ही मदतवाहिनीही आहे. मोठ्या मुलांना "जगणे नकोसे वाटते का?" हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मुलाला सांगायला जागा मिळते. उत्तर होकारार्थी आल्यास त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे.

घरच्यांनी काय करावे?

चिंताग्रस्त मुलाच्या घरात हळूहळू सारे घरच त्या भीतीच्या सोयीने चालू लागते. आई शेजारी झोपते, बाबा प्रत्येक प्रश्नाचे दहादा उत्तर देतात, आजी पाहुण्यांना सांगते, "ती लाजते, मीच सांगते तिचं नाव." हे सर्व प्रेमापोटी होते, आणि यातूनच भीतीला खतपाणी मिळते. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी केवळ पालकांना प्रशिक्षण देऊन ही सोय कमी करण्याची पद्धत विकसित केली. १२४ मुलांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचा परिणाम मुलांवर प्रत्यक्ष केलेल्या वर्तनोपचाराच्या तोडीचा ठरला. मूल दवाखान्यात यायलाच तयार नसेल, तरी उपचार पालकांपासून सुरू करता येतो, हे यातून स्पष्ट होते.

व्यवहारात तीन गोष्टी कराव्यात.

एक, वाक्य बदलावे. "काही होत नाही, उगाच घाबरतेस" यात मुलाचा अनुभव नाकारला जातो. "बरं, नको जाऊस" यात मुलाची शक्ती नाकारली जाते. त्याऐवजी दोन्ही भाग असलेले वाक्य म्हणावे : "तुला खूप भीती वाटतेय, हे मला दिसतंय. आणि तू हे निभावून नेशील, याची मला खात्री आहे." शांतपणे, एकदाच, आणि रोज तेच.

दोन, एका वेळी एकच सोय कमी करावी, आणि तीही मुलाला आधी सांगून. "उद्यापासून आई शाळेच्या वेळात दहा फोन घेणार नाही, मधल्या सुटीत एकच घेईल." अचानक सारे आधार काढून घेणे म्हणजे उपचार नव्हे.

तीन, घरातील सर्वांनी एक सूर धरावा. आई ठाम, बाबा कडक आणि आजी हळवी असे तीन सूर असतील तर मूल साहजिकच सर्वांत हळव्या सुराकडे धावते. म्हणून सल्लामसलतीला आजीआजोबांना अवश्य बोलवावे. त्यांना "तुमच्या लाडामुळे झाले" असे म्हणू नये. "आजी, तुमच्याइतका तिचा विश्वास कोणावर नाही, म्हणून पहिल्या पायरीला तुम्हीच सोबत हव्यात," असे म्हटले की आजी उपचारात सामील होते. आजीने दृष्ट काढली तर काढू द्यावी. ती काढून झाल्यावर आजीनेच बोट धरून फाटकापर्यंत न्यावे.

पायऱ्यांची शिडी

आपल्या उदाहरणातील मुलीसाठी आखलेली शिडी अशी होती. पहिली पायरी, सकाळी गणवेश घालून, दप्तर भरून घरीच वेळापत्रकाप्रमाणे अभ्यासाला बसणे. शाळा नाही म्हणून दूरचित्रवाणी आणि मोबाइल हाताशी, असे होऊ द्यायचे नाही. दुसरी, संध्याकाळी शाळा सुटल्यावर आजीबरोबर फाटकापर्यंत जाऊन दहा मिनिटे थांबणे. तिसरी, शाळेच्या वेळात ग्रंथालयात एक तास बसणे. चौथी, आवडत्या शिक्षिकेचा एकच तास. मग दोन तास, मधल्या सुटीपर्यंत, आणि शेवटी पूर्ण दिवस.

नियम मोजकेच होते. भीतीला शून्य ते दहा गुण मुलीनेच द्यायचे. चार-पाच गुणांच्या पायरीपासून सुरुवात करायची. पायरीवर भीती थोडी उतरेपर्यंत किंवा ठरलेली वेळ संपेपर्यंत थांबायचे, ऐन भरात पळायचे नाही. तीच पायरी सोपी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायची. कौतुक धैर्याचे करायचे, गुणांचे नाही. एखादा दिवस चुकला तर रागवायचे नाही, आदल्या पायरीवरून पुन्हा सुरू करायचे. सर्व मुलांसाठी एकच शिडी नसते, पायऱ्या मुलाला विचारूनच आखाव्या लागतात.

येथे डॉक्टरांचा कागद उपयोगी पडतो. रजेच्या दाखल्याऐवजी मुख्याध्यापकांना असे पत्र द्यावे : "या विद्यार्थिनीवर माझे उपचार चालू आहेत. तिने शाळेत येणे हाच उपचाराचा भाग आहे. पहिले काही आठवडे तिला मर्यादित तास बसू द्यावे, त्रास झाल्यास दहा मिनिटे शांत खोलीत बसवून पुन्हा वर्गात पाठवावे, घरी पाठवू नये. वर्गासमोर तिच्या गैरहजेरीची चर्चा करू नये." पालकांच्या संमतीने दिलेल्या अशा पत्राला शाळा सहसा चांगला प्रतिसाद देतात. कोठे पालकांना फाटकावरच ताटकळावे लागते, कोठे "आमच्याकडे अशी मुले नसतात" असे ऐकावे लागते. तेथे डॉक्टरांनी स्वतः एक दूरध्वनी करावा.

भयाचा झटका आला तर

मूल जलद श्वास घेऊ लागले की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठ व बोटे बधिर होतात, कधी हात वाकडे होतात, चक्कर येते. घरचे अधिक घाबरतात आणि झटका वाढतो. अशा वेळी मोठ्याने प्रथम स्वतःचा श्वास संथ करावा. मुलाशेजारी बसून हलक्या आवाजात सांगावे, "ही भीतीची लाट आहे. वर चढेल आणि उतरेल. मी इथेच आहे." नाकाने हळू श्वास आत आणि त्याहून अधिक वेळ घेत बाहेर, असे काही मिनिटे करावे. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय करू नये. मुलाला दमा असेल तर तो घातक ठरू शकतो. पहिल्याच झटक्यात, किंवा ओठ निळे पडणे, छातीत घरघर, शुद्ध हरपणे असे काही असेल, तर भीती आहे असे गृहीत न धरता तातडीने तपासणी करावी.

औषधांचे स्थान

औषध म्हटले की पालक धास्तावतात, "सवय लागेल का?" याउलट काही ठिकाणी औषधच प्रथम दिले जाते. पुरावा काय सांगतो? अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनंतर वर्तनोपचार आणि सर्ट्रालीन एकत्र दिलेल्या सुमारे ८१ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा झाली. केवळ वर्तनोपचाराने ती सुमारे ६० टक्के, केवळ औषधाने सुमारे ५५ टक्के आणि निष्क्रिय गोळीने सुमारे २४ टक्के मुलांत दिसली. म्हणजे सौम्य ते मध्यम विकारात वर्तनोपचाराने सुरुवात करावी. तीव्र विकारात, किंवा भीतीमुळे पहिली पायरीही चढता येत नसेल तेव्हा, औषधाची जोड द्यावी.

सर्ट्रालीनसारखी औषधे मुलांत तज्ज्ञाच्या सल्ल्याने, अल्प मात्रेपासून सुरू करावीत. गुण दिसायला काही आठवडे लागतात हे आधीच सांगावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये या वर्गातील औषधांबाबत ठळक इशारा दिला. मुलांमधील चाचण्यांत आत्महत्येचे विचार वा वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के आढळले होते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत मुलाला वारंवार भेटावे आणि वाढलेली अस्वस्थता, चिडचिड, निद्रानाश यांकडे लक्ष द्यावे. ही औषधे व्यसन लावत नाहीत, पण अचानक बंद करू नयेत. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मुलांना नियमित देणे टाळावे. त्यांनी घंटा दबते, मूल काही शिकत नाही, आणि सवय मात्र खरोखर लागते. धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल लिहिण्यापूर्वी दमा आहे का, हे विचारण्यास विसरू नये.

आपल्या समाजाचा वाटा

भोपाळातील मराठी घरे अरेरा कॉलनीत असोत, टी. टी. नगरात असोत की भेलच्या वसाहतीत, गणेशोत्सवात एकत्र येतात. तेथे व्यासपीठावर श्लोक म्हणणाऱ्या मुलांचे कौतुक होते, आणि ते व्हावेच. पण ज्या मुलाचे पाय व्यासपीठाच्या पायरीवर थरथरतात त्याच्या हातात ध्वनिक्षेपक कोंबून "म्हण, म्हण, लाजतोस काय!" असे म्हणू नये. तसेच त्याला कायमचे शेवटच्या रांगेतही बसवू नये. त्याचीही शिडी करता येईल. पहिल्या दिवशी प्रसाद वाटणे, मग पडदा ओढणे, मग आरतीत टाळ घेऊन उभे राहणे, समूहगीतात मागच्या रांगेत गाणे, आणि कदाचित पुढच्या वर्षी एक ओळ एकट्याने. मंडळाच्या दहा दिवसांत असा सराव देणे मुळीच अवघड नाही.

आणखी एक विनंती. "तिची मुलगी मानसिक डॉक्टरकडे जाते म्हणे," हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार व्हावे. लहान समाजात सर्व सर्वांना ओळखतात. ती ओळख आधाराची व्हावी, पाळतीची होऊ नये. मदतीची साधनेही आज पूर्वीइतकी दुर्मीळ नाहीत. भोपाळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या हमीदिया रुग्णालयात आणि एम्समध्ये मनोविकार विभाग आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस या राष्ट्रीय सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते.

समारोप

त्या मुलीला पूर्ण दिवस शाळेत बसायला सुमारे तीन महिने लागले. मध्ये एकदा तापाने आठवडा गेला आणि तीन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरुवात करावी लागली. आई एकदा दवाखान्यात रडली, "आपण हिला छळत तर नाही ना?" हा प्रश्न प्रत्येक प्रेमळ पालकाला पडतो. भीतीसमोर मुलाला एकटे ढकलणे हा छळ आहे. हात धरून, त्याला पेलेल इतक्याच पायरीवर त्याच्यासोबत उभे राहणे ही साथ आहे. या दोहोंतील फरक मुलाला नेमका कळतो.

पुढे एका तपासणीच्या वेळी तिला विचारले, "आता सोमवारी पोटात गोळा येतो का?" ती म्हणाली, "येतो ना. पण मी जाते."

वैद्यकीय भाषेत याला रोगमुक्ती म्हणावे की नाही, यावर मतभेद होऊ शकतील. मला तरी याहून चांगली रोगमुक्ती ठाऊक नाही. तेव्हा डॉक्टर मित्रहो, पुढच्या सोमवारी आपल्यासमोर असे मूल येऊन बसले आणि आईने दाखला मागितला, तर लेखणी जरा थांबवावी आणि मुलाला विचारावे, "आपण पहिली पायरी कोणती ठरवू या?"